ज्याचा नंबर, त्याचं मशीन

साकीनाक्याच्या आमच्या कारखान्यात एक नियम होता आणि तो आम्ही भांडून मिळवला होता, हे आधीच सांगतो. नाहीतर पुढचं वाचून कुणाला वाटेल की हा मालकांच्या बाजूने बोलतोय. मालकांवर माझा राग आहेच. पण तो जुना, सरळ राग आहे, सवयीचा झालाय. आमच्या लोकांवरचा आणि माझ्यावरचा राग मात्र इतक्या वर्षांत जरासुद्धा निवलेला नाही.

नियम साधा होता. चांगलं मशीन, सोयीची पाळी, गणपतीची रजा, ओव्हरटाइम, जे काही मिळण्यासारखं असेल ते नोकरीच्या ज्येष्ठतेप्रमाणे मिळायचं. जो आधी कामाला लागला, त्याचा नंबर वर. त्याने घेतलं की मग खालच्याने. नियम यायच्या आधी सगळा कारभार फोरमनच्या मर्जीवर चालायचा. मे महिन्यात त्याच्या घरी कुणाच्या गावची आंब्याची पेटी गेली, त्याच्या घराला रंग कुणी लावून दिला, यावर कोण कुठल्या लेथवर उभा राहणार ते ठरायचं. त्याच्या मुलीच्या लग्नात आमच्यातल्या एकाने दोन दिवस पंगती वाढल्या आणि पुढच्या आठवड्यात त्याला पहिली पाळी मिळाली. हे आम्ही डोळ्यांनी बघितलं होतं. म्हणून भांडलो. गेटवर उभे राहून घसा बसेपर्यंत ओरडलो, त्यात मीही होतो. नियम मिळाला तेव्हा एकमेकांना पेढे भरवले.

पुढे गिरण्यांचा संप झाला आणि त्याचं काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. लालबाग-परळची धडधाकट माणसं आमच्या उपनगरातल्या कारखान्यांच्या गेटवर येऊन उभी राहायला लागली. काहीही काम द्या म्हणायची. त्यांच्याकडे बघून वाटायचं, उद्या आपणही असेच उभे असू. हातात जे काही आहे ते घट्ट धरून बसायचं, बोटभरही ढिलं सोडायचं नाही, असं आमच्या युनियनचं त्या काळात झालं होतं. मी मेन्टेनन्समध्ये फिटर होतो, तिशीत होतो आणि नुकताच कमिटीवर निवडून आलो होतो. कमिटीवर असण्याची मला नशा होती, हेही लिहून टाकतो.

आमच्या खात्यात सगळ्यात वरचा नंबर काकांचा. सगळेच त्यांना काका म्हणायचे, फोरमनसुद्धा. मालवणी माणूस, जोगेश्वरीत गुंफांच्या अलीकडच्या चाळीत राहायचे. मीही त्याच वस्तीत, दोन गल्ल्या सोडून. आम्ही पंपाचे शाफ्ट बनवायचो आणि काका कारखान्याच्या पहिल्या दिवसांपासून त्याच एका जुन्या लेथवर उभे राहून शाफ्ट कापत आले होते. निवृत्तीला थोडीच वर्षं उरली होती. कुणाशी भांडण नाही, कुणाच्या पुढे पुढे करणं नाही. जेवणाच्या सुट्टीत डब्यातला बांगडा उघडायचे आणि शेजारच्या शाकाहारी माणसाला म्हणायचे, "नाक बंद कर आणि डोळे उघडे ठेव, पुण्य लागात."

मग कंपनीने नवीन मशीन आणलं. संगणकावर चालणारं लेथ. त्या वर्षांत अंधेरी-साकीनाक्याच्या पट्ट्यात अशी मशीनं मोजक्याच ठिकाणी आली होती. आम्ही त्याला कॉम्प्युटर मशीन म्हणायचो. हातात हँडल नाही, चाक नाही. एका बाजूला टीव्हीसारखा हिरवा पडदा, त्यावर इंग्रजी अक्षरं आणि आकडे. आकडे भरायचे, बटण दाबायचं, दार लावायचं, आत शाफ्ट आपोआप कापला जातो. ते चालवणाऱ्याला वेगळा भत्ता होता आणि स्वतंत्र पंखा होता. कंपनीने नोटीस लावली की मशीनवर कोण जाणार ते कंपनी ठरवेल. युनियनने त्याच दिवशी कळवलं की ते नियमच ठरवेल. थोडी बाचाबाची झाली आणि मॅनेजरने माघार घेतली. आम्हाला वाटलं जिंकलो. माझ्या मते तो तेव्हाच पुढचं सगळं बघत होता.

म्हणजे मशीन काकांचं. खात्यात थट्टा सुरू झाली. "काका, आता कॉम्प्युटराला मालवणी शिकवा." काका म्हणाले, "आधी त्येका मासे खाऊक शिकवतंय, मगे बघू." सगळे हसले, तेही हसले. पण पाळी सुटल्यावर ते युनियनच्या खोलीत आले. कोपऱ्यातल्या बाकावर बसले आणि सेक्रेटरीला म्हणाले, "मला ते मशीन नको. खालच्याला द्या. माझं जुनं बरं आहे."

आमचा सेक्रेटरी पन्नाशीकडे झुकलेला, तडफदार माणूस. लाच न खाणारा. लाच खाणारा असता तर त्याच्यावर रागावणं मला सोपं गेलं असतं.

"काका, नको म्हणजे?" तो म्हणाला. "तुमचा नंबर आहे."

"असू दे. मी सोडला."

"असा सुटत नाही तो. आज तुम्ही नाही म्हणालात, उद्या मॅनेजर बोंबलत फिरेल, बघा, ह्यांच्याच माणसाला नको होतं. परवा तो त्याच्या चमच्याला बसवेल. एकदा सोडलं ना काका, की रूल गेला खड्ड्यात. सगळ्यांची वाट लागेल."

काका टोपी गुडघ्यावर ठेवून तिची घडी घालत बसले. ते गेल्यावर सेक्रेटरी माझ्याकडे वळला. "तू शेजारी आहेस ना त्यांच्या? रविवारी जा घरी. समजाव. म्हातारा माणूस आहे, घाबरलाय. मान मिळतोय, घ्या म्हणावं."

रविवारी गेलो. काका ओट्यावर स्टोव्हच्या वाती ओढत बसले होते. काकींनी चहा दिला आणि त्या आत मासे साफ करायला गेल्या. मी बोलायला सुरुवात केली. नियम, एकी, गेटवरचे दिवस. काकांनी मला थांबवलं, इकडेतिकडे बघितलं आणि डाव्या हाताने डावा डोळा झाकला.

"आता तुझा तोंड माका दिसना नाय," ते म्हणाले. "गेली दोन वर्सा. ह्या उजव्या डोळ्यान नुसता धुक्यासारखा दिसता. डावो आसा, पण तोय आता जाऊक लागलोहा. मोतीबिंदू म्हणतत."

मी विचारलं, मग लेथवर काम कसं करता?

"ता हातान होता रे. मापाचा गेज लावलंय, बसला तर बसला. त्येका डोळे कित्याक होये? पण त्या पडद्यावरचे आकडे माका म्हशीच्या पाठीवरच्या माशांसारखे दिसतत. आणि ता इंग्रजी."

ऑपरेशन का करून घेत नाही, असं मी विचारलं. ते माझ्याकडे असे बघत राहिले, जसा मी कालच मुंबईत आलोय. ईएसआयच्या, म्हणजे कामगार विम्याच्या हॉस्पिटलात जायचं म्हणजे कागद कंपनीत येणार. लेथवरच्या टर्नरला दिसत नाही हे एकदा ऑफिसला कळलं की मेडिकल तपासणी, मग हलकं काम किंवा घर. त्यांचा विचार साधा होता. दुसरा मुलगा कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होता. तो कुठे चिकटला की डोळ्यांचं बघायचं. तोवर जुन्या लेथवर निभत होतं. "कोणाक सांगू नको हां झिला," ते म्हणाले. "हिका पण सगळा सांगलेला नाय."

इथे मी उठून घरी जायला हवं होतं, किंवा सरळ सेक्रेटरीच्या घरी जाऊन सांगायला हवं होतं की या माणसाला सोडा, कारण विचारू नका. मी काय केलं, तर चहा प्यायलो आणि म्हणालो, "काका, उलट म्हणूनच तुम्ही नाही म्हणू नका. एवढा भत्ता, पंखा, मान, आणि तुम्ही नको म्हणताय म्हटल्यावर मॅनेजर विचारणारच ना, का नको? मग तपासणी. मग?"

हे बोलताना मी त्यांच्या भल्यासाठीच बोलतोय, असं मला खरोखर वाटत होतं. मी त्यांना धमकी दिली नव्हती, असं पुढे बरीच वर्षं मी स्वतःला सांगत आलो. दिली होती. त्यांनी विश्वासाने माझ्या हातात जे ठेवलं, तेच उचलून मी त्यांच्या अंगावर रोखलं. कमिटीने पाठवलेलं काम फत्ते करून घरी जाताना मी खूश होतो.

वर मी उपायही सुचवला. खात्यात आयटीआय झालेला एक तरतरीत तरुण होता, नंबराने अगदी खालचा. त्याला कॉम्प्युटर मशीन मनापासून हवं होतं आणि त्याला ते एका आठवड्यात आलंही असतं. नियमाने त्याच्या वाट्याला ते केस पिकल्यावर आलं असतं. त्याला काकांचा मदतनीस म्हणून द्यायचं ठरलं. तो आकडे भरेल, बटणं दाबेल, काका शेजारी स्टुलावर बसतील. कागदावर मशीन काकांचं. डोळ्यांचं मी त्याला सांगितलं नाही, एवढंच म्हटलं की काकांना इंग्रजी जमत नाही.

"मस्त ना यार," तो म्हणाला. "काका, तुम्ही राजे. नुसते बसा. मी तुमचा प्रधान."

"राजाक जेवूक तरी सोडशील ना?" काका म्हणाले.

मशीन सुरू केलं त्या दिवशी काकांच्या गळ्यात हार घातला. सेक्रेटरीने भाषण केलं. मशीन बनवणाऱ्या कंपनीच्या, बंगलोरहून आलेल्या इंजिनिअरने काकांशी हात मिळवला. मॅनेजर बाजूला उभा राहून टाळ्या वाजवत होता. त्याची टाळी मला अजून आठवते, हळू आणि अगदी नीट.

काही आठवडे बरं चाललं. असं दुसऱ्याच्या नावावर काम चालवणं आमच्याकडे नवीन नव्हतं. वरच्या नंबरचा माणूस बसलाय आणि खालचा राबतोय, हे कितीतरी जागी चालायचं आणि सगळ्यांना ठाऊक असायचं. भांडून आणलेल्या नियमाचं आम्ही हे करून ठेवलं होतं. पूर्वी फोरमनच्या पुढे पुढे करणारा बसून खायचा, आता आधी लागलेला बसून खायचा. फरक म्हणाल तर पहिल्याची आम्हाला लाज वाटायची, दुसऱ्याचा अभिमान. मात्र काकांना बसून खायचं नव्हतं. त्यांच्यासारखा माणूस दिवसभर स्टुलावर बसून दुसऱ्याचे हात बघतोय, हे बघवत नव्हतं. जुन्या लेथवर आता दुसरा कुणी होता. काका येता-जाता त्या लेथवर हात ठेवायचे, जशी शेजाऱ्याची म्हैस थोपटावी.

एकदा मला म्हणाले, "घराक गेल्यावर ही इचारता, आज काय केलास? काय सांगू तिका? बसलंय?"

मी म्हटलं, "काका, थोडे दिवस."

कशाचे थोडे दिवस, ते मलाही माहीत नव्हतं.

मग तो दिवस. मशीन ताब्यात घेण्याची शेवटची तपासणी होती. बंगलोरचा इंजिनिअर परत आला होता, हेड ऑफिसचे दोन साहेब होते. मी जवळच एका पंपाचं बेअरिंग बदलत होतो. मॅनेजरने आयटीआयवाल्याला हाक मारली आणि स्टोअरमधून काहीतरी आणायला पाठवलं. तो घुटमळला, तर मॅनेजर म्हणाला, "अरे जा ना, काका आहेत ना. मशीन त्यांचं आहे." मग काकांकडे वळून हसत म्हणाला, "चला काका, साहेबांना एक शाफ्ट कापून दाखवा."

काका उठले. त्यांनी माझ्याकडे बघितलं. त्यांच्या डोळ्यांना मी किती दिसत होतो कुणास ठाऊक, पण मी तिथे आहे हे त्यांना माहीत होतं.

मला एकच वाक्य बोलायचं होतं. थांबा, त्यांना दिसत नाही. किंवा तेही नको, नुसतं जाऊन मेन स्विच खाली ओढला असता तरी चाललं असतं. मी मेन्टेनन्सचा माणूस, मला कुणी विचारलं नसतं. पण कमिटीचा माणूस सगळ्या साहेबांसमोर असं करतोय म्हणजे आम्हीच कबूल करतोय की आम्ही ज्याला बसवलं त्याला येत नाही. हा विचार माझ्या डोक्यात आला. एक माणूस माझ्यासमोर बुडत होता आणि मी नियमाचं काय होईल हा विचार करत पाना हातात धरून उभा होतो. कुणी दुसऱ्याने हे मला सांगितलं असतं तर मी त्याच्या थोबाडीत मारली असती.

काकांनी पडद्याला नाक लावलं. रोज बघून बघून बटणांच्या जागा त्यांना पाठ झाल्या होत्या. त्यांनी आकडे भरले. एका ठिकाणी तीन हवा होता, तिथे त्यांनी आठ भरला. इंजिनिअर साहेबांशी बोलत होता, त्याचं लक्ष नव्हतं. काकांनी दार लावलं, बटण दाबलं. आतलं कापणारं हत्यार शाफ्टला न लागता सरळ पुढे गेलं आणि शाफ्ट धरून गरगर फिरणाऱ्या चकवर आदळलं. तो आवाज मी सांगू शकत नाही. अख्खं खातं थांबलं. दाराची काच टिकली म्हणून काका वाचले. मशीनच्या आत जे फुटायचं ते सगळं फुटलं होतं.

काका हात वर करून उभे होते, पोलिसांसमोर उभे राहतात तसे.

मॅनेजर ओरडला नाही. "काका, बसा," म्हणाला. आणि मग साहेबांना इंग्रजीत म्हणाला, जे मला समजलं, की ज्येष्ठता ज्येष्ठता म्हणतात ती ही.

काकांना चार्जशीट मिळाली. निष्काळजीपणा आणि कंपनीच्या मालमत्तेचं नुकसान. चौकशी बसणार होती. चौकशीत काकांना एकच गोष्ट सांगायची होती, आणि ती खरी होती: मला मशीन नको होतं, मी नको म्हणालो होतो, यांनी बसवलं. एवढं म्हणाले असते तर नोकरी वाचण्याची शक्यता होती. पण मग मॅनेजरला हवं तेच हातात मिळालं असतं. युनियन माणसांना जबरदस्तीने मशीनवर बसवते, असं त्याने गेटवर लावलं असतं.

सेक्रेटरीने मला पुन्हा बोलावलं. "सांग त्यांना, काही बोलायचं नाही. तोंड बंद. आम्ही वाटाघाटी करतोय."

"पण त्यांनी खरंच नको म्हटलं होतं," मी म्हणालो.

"मला माहीत नाही का?" तो एकदम भडकला. "माझ्यासमोरच म्हणाले ना? मग काय करू? पाचशे माणसांचा रूल एका माणसासाठी फेकून देऊ? बोल ना. देऊ फेकून?"

तेव्हा मला त्याचा प्रश्न बिनतोड वाटला होता. आज वाटत नाही. आज मी त्याला म्हणेन, बाबा रे, काकांनी सोडला असता तर नियमाला काहीसुद्धा झालं नसतं. ज्याला नको त्याला नको म्हणता येतं, एवढी एक ओळ त्यात घालायची होती. हक्क आहे ना तो? मग सोडणाऱ्याचा हात का पिरगाळायचा? पण आम्हाला हक्कापेक्षा रांग प्यारी झाली होती. रांगेतून कुणी बाजूला झालं तर आपली जागा हलेल, या भीतीने आम्ही एकमेकांना धरून उभे होतो आणि त्याला एकी म्हणत होतो.

मी काकांकडे गेलो आणि निरोप सांगितला. होय, पुन्हा मीच गेलो. काका म्हणाले, "मी कित्याक बोलू? माझा पोर तुमच्यातच आसता तर मी तरी काय केलं असतंय?" यातून त्यांना काय म्हणायचं होतं ते मला नीट कळलं नाही. विचारायचं धाडस झालं नाही.

वाटाघाटी झाल्या. चार्जशीट मागे घेतली गेली, काकांनी प्रकृतीच्या कारणास्तव स्वेच्छेने राजीनामा दिला, त्यांचं जे काही देणं होतं ते सगळं मिळालं. आणि कंपनीने लेखी मान्य केलं की दुरुस्त होऊन आल्यावर मशीन ज्येष्ठतेप्रमाणेच दिलं जाईल. सेक्रेटरी तो कागद हातात नाचवत आला. गेटवर निरोप समारंभ झाला. काकांना शाल दिली. सेक्रेटरी म्हणाला, काकांनी आपल्या त्यागातून ज्येष्ठतेचं तत्त्व राखलं, काकांचं नाव हा कारखाना विसरणार नाही. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. काकांना बोलायचा आग्रह झाला तेव्हा ते म्हणाले, "बरं आहे, येतो." एवढंच. शाल पिशवीत कोंबली आणि एकटे साकीनाक्याच्या गर्दीत चालत गेले. कुणी सोबत गेलं नाही, कारण दुसरी पाळी लागायची वेळ झाली होती.

नोकरी गेली तसं ईएसआयही गेलं. ज्या हॉस्पिटलात फुकट ऑपरेशन झालं असतं आणि जिथे काका नोकरीच्या भीतीने गेले नव्हते, तिथे आता नोकरी नसल्यामुळे जाता येत नव्हतं. त्यांनी कुठल्याशा शिबिरात उजवा डोळा करून घेतला असं ऐकलं. कारखाना नाव विसरणार नाही, असं सेक्रेटरी म्हणाला होता. पावसाळा संपेपर्यंत काकांचं नाव काढायचं आपोआप बंद झालं.

मी टाळत होतो, पण एकाच वस्तीत किती टाळणार? दसऱ्याला सोनं द्यायला गेलो. काकींनी दार उघडलं आणि दारातच उभ्या राहिल्या. एरवी त्या माझ्याशी हसून बोलायच्या.

"आता काय आणलास?" त्या म्हणाल्या. "अजून मान रवलो हा? तुमचो मान तुमच्या घराक न्हेवा. आमका नको."

मी आपट्याची पानं हातात घेऊन तसाच उभा. आतून काका म्हणाले, "गे, येऊ दे त्येका. पोर आसा." मी आत गेलो. त्यांच्या उजव्या डोळ्याला जाड भिंगाचा चष्मा आला होता, त्यामुळे तो डोळा भलता मोठा दिसत होता आणि माझ्याकडेच बघत होता. मी वाकून नमस्कार केला. त्यांनी पाठीवर हात ठेवला. दोन शिव्या घातल्या असत्या तर मी ऋणी राहिलो असतो.

इकडचं तिकडचं बोलणं झालं. मग त्यांनी विचारलं, "मशीन इला दुरुस्त होवन?"

"आलं. मागच्याच आठवड्यात."

"कोण बसता?"

मी सांगितलं. काकांच्या खालचा नंबर. आता तोच सगळ्यात वर.

काकांनी चष्मा सारखा केला. मग म्हणाले, "त्येका तरी इचारलास? होया काय नको ता?"

मी विचारलं नव्हतं. कुणीच विचारलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी सेक्रेटरीला म्हटलं की एकदा विचारूया. तो कसलेसे कागद चाळत होता. मान वर न करता म्हणाला, "विचारायचं काय त्यात? नंबर आहे त्याचा."

मग मी स्वतःच गेलो. जेवणाच्या सुट्टीत तो माणूस कँटीनच्या मागच्या कट्ट्यावर चहा पीत बसला होता. पन्नाशी ओलांडलेला, शांत. मी शेजारी बसलो आणि विचारलं, "तुम्हाला हवंय का ते मशीन, खरं सांगा."

त्याने आधी मागे वळून बघितलं, मग माझ्याकडे. "तू कमिटीतर्फे विचारतोयस की असंच?"

"असंच," मी म्हणालो.

"मग राहू दे."

कमिटीतर्फे विचारतोय, असं मी म्हणू शकलो असतो. कमिटीत होतो मी, पुढेही बरीच वर्षं राहिलो. त्याने कपातला चहा संपवला, कप विसळून पालथा घातला आणि मशीनकडे गेला.